जुन्या ब्रिटिश टीव्हीवरचं थेट गाणं-वाजवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोवी, हेंड्रिक्स, रोझेटा थार्प, बॉब मार्ली यांचे ब्रिटिश टीव्हीवरचे जुने तुकडे आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. एखादा पाहिला की लगेच प्रश्न पडतात. हे खरंच तिथे गात होते का? हे कुठे चित्रित झालं? बाकीचे भाग कुठे गेले? ज्यांना हे प्रश्न पडतात आणि पुढे काय पाहावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं.

‘जुना ब्रिटिश टीव्ही’ म्हणजे नेमका कोणता काळ?

ढोबळमानानं १९५७ ते १९८७. सुरुवातीची तारीखही सांगता येते. १६ फेब्रुवारी १९५७ ला, शनिवारी, बीबीसीवर ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ सुरू झाला. त्याआधी ब्रिटनमध्ये संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा. लहान मुलांना निवांत झोपवता यावं, हा त्यामागचा हेतू. ही बंदी उठली आणि रिकाम्या झालेल्या तासात तरुणांसाठी गाण्यांचा कार्यक्रम आला. सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू व्हायचा, म्हणून हे नाव.

त्याचा निर्माता जॅक गुड पुढे आयटीव्हीवर गेला. तिथे त्यानं हॅकनी एम्पायर या नाट्यगृहातून ‘ओह बॉय!’ केला. त्यात गप्पा नाहीत, मुलाखती नाहीत, एकामागून एक नुसती गाणी.

तीन वाहिन्यांचा हा काळ. बीबीसी आणि आयटीव्ही होत्याच, १९६४ मध्ये बीबीसी टू आली. चौथी वाहिनी, चॅनल फोर, थेट १९८२ मध्ये. आयटीव्ही ही एकच कंपनी नव्हती. मँचेस्टरची ग्रॅनाडा, लंडनची रिडिफ्यूजन, न्यूकॅसलची टाइन टीज अशा प्रादेशिक कंपन्यांची ती एक जोडणी होती. हे लक्षात ठेवा, कारण यातले कितीतरी उत्तम तुकडे लंडनबाहेरचे आहेत.

हे लोक खरंच गात-वाजवत होते, की नुसते ओठ हलवत होते?

दोन्ही. कार्यक्रम कोणता आणि वर्ष कोणतं यावर ते अवलंबून आहे.

‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवरच्या एका जुन्या चर्चमधून सुरू झाला. त्या चर्चचा बीबीसीनं स्टुडिओ केला होता. सुरुवातीला इथे रेकॉर्ड वाजायची आणि कलाकार तिच्यावर ओठ हलवायचे. संगीतकारांच्या युनियनला हे मान्य नव्हतं. वाजवणाऱ्यांचं काम रेकॉर्डच करणार असेल, तर वाजवणाऱ्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. १९६६ मध्ये ओठ हलवण्यावर बंदी आली. पण काही बँडना रेकॉर्डसारखं वाजवताच येईना, तेव्हा तडजोड झाली: कार्यक्रमासाठी साथसंगत नव्यानं ध्वनिमुद्रित करायची, ती वाजवणारे सगळे स्टुडिओत हजर हवेत आणि गायकानं तिच्यावर गायचं. काही कलाकारांना जॉनी पिअर्सनच्या वाद्यवृंदाची साथ असे. त्यामुळे या कार्यक्रमातल्या बऱ्याच तुकड्यांत आवाज त्या क्षणाचा आणि वाद्यं आधीची, असा मामला आहे.

‘रेडी स्टेडी गो!’ हा आयटीव्हीचा शुक्रवार संध्याकाळचा कार्यक्रम. तोही १९६३ मध्ये ओठ हलवण्यावरच सुरू झाला, पण एप्रिल १९६५ पासून पूर्णपणे थेट झाला. चॅनल फोरवरचा ‘द ट्यूब’ तर पहिल्यापासून थेट.

ओळखायचं कसं? काही खुणा सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला वायर जोडलेली आहे का ते पाहा. ड्रमच्या आसपास मायक्रोफोन आहेत का? गाणं हळूहळू विरत संपत असेल, तर ती रेकॉर्ड आहे. समोर उभ्या राहून वाजवणाऱ्या बँडला गाणं कुठेतरी ठामपणे थांबवावंच लागतं. आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे श्वास. ओळीच्या शेवटी श्वास कमी पडला, स्वर किंचित खाली आला, तर समजा की माणूस गातो आहे.

नुसते ओठ हलवण्याचं काय होऊ शकतं, हे ऑगस्ट १९८८ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. ‘ऑल अबाउट ईव्ह’ हा बँड ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या थेट प्रक्षेपणात बसला होता. घरोघरी गाणं ऐकू येत होतं, पण स्टुडिओत कलाकारांना ते ऐकूच येईना. गायिका ज्युलियान रीगन स्टुलावर शांत बसून राहिली आणि तिचा आवाज टीव्हीतून येत राहिला. तिची चूक काहीच नव्हती. मला तो तुकडा पाहताना आजही तिच्याबद्दल वाईट वाटतं.

१९९१ मध्ये नियम बदलला आणि गायकाला प्रत्यक्ष गाणं भाग झालं. त्याच वर्षी निर्वाणा या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन आला. वाद्यं रेकॉर्डवरची होती. ते त्याला पटलं नाही, म्हणून त्यानं गिटार वाजवण्याचं सोंगही नीट केलं नाही आणि सगळं गाणं एक सप्तक खाली, खर्जात गायलं.

रेल्वे स्टेशनवर गिटार वाजवणाऱ्या बाई कोण?

सिस्टर रोझेटा थार्प. मला विचाराल तर या सगळ्या खजिन्यातला हा सर्वांत मोलाचा तुकडा आहे.

७ मे १९६४. मँचेस्टरच्या दक्षिणेला विल्ब्रहॅम रोड नावाचं स्टेशन होतं. प्रवाशांसाठी ते १९५८ मध्येच बंद झालं होतं. अमेरिकेहून ब्लूज आणि गॉस्पेल गाणाऱ्या कलाकारांचा एक ताफा ब्रिटनच्या दौऱ्यावर आला होता. ग्रॅनाडाचा निर्माता जॉनी हॅम्प यानं त्यांना स्टुडिओत न नेता या ओसाड स्टेशनवर आणलं. पाटी बदलून ‘चोर्ल्टनव्हिल’ अशी केली आणि एका फलाटाला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जुन्या स्टेशनचं रूप दिलं. तिथे खोकी, पोती, झुलत्या खुर्च्या आणि कोंबड्यासुद्धा होत्या. समोरच्या फलाटावर प्रेक्षक. त्यांनाही आगगाडीनंच आणलं. मधे रूळ.

आज या सजावटीकडे पाहताना थोडं अवघडल्यासारखं होतं. कापसाच्या शेतांच्या काळाची आठवण करून देणारी ती मांडणी गोऱ्या निर्मात्यांनी कृष्णवर्णीय कलाकारांभोवती उभी केली होती. हे नोंदवायला हवं. पण मग गाणं सुरू होतं.

त्या दिवशी मँचेस्टरला पाऊस झोडपत होता. रोझेटाबाई घोडागाडीतून उतरल्या. अंगावर लांब कोट, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पाऊस पाहून त्यांनी सुरुवातीचं गाणं बदललं आणि नोहाच्या काळातल्या महापुरावरचं गॉस्पेल ‘डिडन्ट इट रेन’ घेतलं. ओल्या फलाटावर उभं राहून, पांढरी इलेक्ट्रिक गिब्सन गिटार गळ्यात अडकवून त्यांनी मधला सोलो वाजवला. तो ऐकला की पुढच्या रॉक गिटारवाल्यांचं मूळ कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. अर्कान्सामधल्या कॉटन प्लांट या गावात १९१५ मध्ये जन्मलेली ही बाई लहानपणापासून चर्चमध्ये गात-वाजवत आली होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या रेकॉर्ड निघत होत्या.

त्याच फलाटावर मडी वॉटर्स गायला. सनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी यांनी हार्मोनिका-गिटारची जोडी रंगवली. पियानोवर ओटिस स्पॅन आणि कझिन जो होते. ‘ब्लूज अँड गॉस्पेल ट्रेन’ या नावानं हा कार्यक्रम ऑगस्ट १९६४ मध्ये दाखवला गेला. एकटा रोझेटाबाईंचा तुकडा पाहून थांबू नका. मडी वॉटर्ससाठी तरी सगळा पाहा.

मोटाऊनचे कलाकार लंडनला कसे पोहोचले?

यात डस्टी स्प्रिंगफील्डचा मोठा हात आहे. १९६५ च्या मार्चमध्ये डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे कलाकार ब्रिटनच्या दौऱ्यावर आले होते. अनेक गावांत तिकिटं फारशी खपत नव्हती. डस्टी स्वतः मोठी गायिका होती आणि या संगीताच्या प्रेमात होती. ‘रेडी स्टेडी गो!’च्या विकी विकममुळे एक खास भाग ठरला आणि डस्टीनं त्याचं निवेदन केलं. सुप्रीम्स, टेम्पटेशन्स, मिरॅकल्स, मार्था अँड द व्हँडेलाज आणि किशोरवयातला स्टीव्ही वंडर एकाच संध्याकाळी दिसले. २८ एप्रिल १९६५ ला ते प्रक्षेपित झालं. डस्टी आणि मार्था रीव्ह्ज एकत्र गातात तो भाग जरूर पाहा. डस्टीच्या चेहऱ्यावर यजमानीणबाईंचा आनंद आहे आणि चाहतीचाही.

याच कार्यक्रमानं मार्च १९६६ मध्ये जेम्स ब्राउनला आणि सप्टेंबरमध्ये ओटिस रेडिंगला अख्खा भाग दिला. ओटिसचा भाग पाहताना दिग्दर्शकाकडे लक्ष द्या. कॅमेरे गर्दीत घुसतात, एकमेकांना दिसतात, आणि तिथे कुणालाच त्याची पर्वा नसते. डिसेंबर १९६६ मध्ये कार्यक्रम बंद झाला. बंद होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी जिमी हेंड्रिक्स पहिल्यांदा ब्रिटिश टीव्हीवर दिसला, तो इथेच.

हेंड्रिक्सनं गाणं अर्ध्यात का थांबवलं?

४ जानेवारी १९६९. बीबीसीवर गायिका लुलूचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. ठरलं असं होतं की हेंड्रिक्सचा बँड ‘हे जो’ वाजवील आणि शेवटी लुलू त्याच्याबरोबर गाईल. त्यानं ‘हे जो’ सुरू केलं, थोडं गायलं आणि थांबला. थोड्याच दिवसांपूर्वी ‘क्रीम’ हा त्रिकुटाचा बँड विसर्जित झाला होता. हेंड्रिक्सनं त्या तिघांना हे अर्पण असं जाहीर केलं आणि त्यांचंच ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ सुरू केलं, बहुतांशी नुसतं वाद्यांवर. निर्माता स्टॅन्ली डॉर्फमन घड्याळाकडे खुणा करत होता. वेळ संपून गेली, लुलूबरोबरचं गाणं राहूनच गेलं.

पुष्कळ जण याला बंडखोरी म्हणतात. मला ते तसं दिसत नाही. तिथे एक वादक दुसऱ्या वादकांना आदरांजली वाहतो आहे, आणि त्यासाठी त्याला हातात असलेली एकमेव वेळ तीच होती. थेट प्रक्षेपण होतं म्हणून हे घडू शकलं. आधी चित्रित करून ठेवलेल्या कार्यक्रमात संकलकानं ते कापलं असतं.

बोवीच्या ‘स्टारमॅन’बद्दल इतकं का बोललं जातं? त्यात विशेष काय घडतं?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला आज खरोखर काहीच घडत नाही असं वाटू शकतं. म्हणून तेव्हाचं वातावरण सांगायला हवं.

५ जुलै १९७२ ला चित्रण झालं आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये दिसलं. डेव्हिड बोवीचं याआधी एकच गाणं गाजलं होतं, तेही तीन वर्षांपूर्वी. लोक त्याला जवळपास विसरले होते. आता तो आला तो लाल-केशरी केस, रंगीबेरंगी घट्ट कपडे आणि हातात निळी गिटार घेऊन. ध्रुपदाला त्यानं गिटारवादक मिक रॉन्सनच्या गळ्यात सहज हात टाकला आणि दोघं एकाच मायक्रोफोनवर गायले. समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये अंशतः कायदेशीर होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला इतक्या मोकळेपणानं, हसत जवळ घेतो, हे दिवाणखान्यात आई-वडिलांबरोबर बसून पाहणाऱ्या मुलांनी त्याआधी पाहिलं नव्हतं. एका ओळीला तो बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखतो. पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये बँड काढणाऱ्या कितीतरी जणांनी सांगितलं आहे की ते बोट आपल्याकडेच आहे असं त्यांना वाटलं.

यातली साथसंगत आधी केलेली होती, आवाज तिथला. बोवीला बँडसह पूर्णपणे थेट ऐकायचं असेल, तर जानेवारी १९७३ चं ‘जीन जिनी’ ऐका. ते टिकलं कसं, याची गोष्ट पुढे येतेच.

इतके कार्यक्रम नष्ट का झाले? बीबीसीनं असं का केलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या पहिल्या ५०० भागांपैकी पूर्ण स्वरूपात सुमारे वीसच उरले आहेत. ‘रेडी स्टेडी गो!’चेही बहुतेक भाग गेले. जे उरले त्यांचे हक्क ‘डेव्ह क्लार्क फाइव्ह’ या बँडच्या डेव्ह क्लार्कनं विकत घेतले.

कारणं साधी होती. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप अतिशय महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, म्हणजे ठेवून करायचं काय? घरी व्हिडिओ पाहायची सोय नव्हती. १९६७ मध्ये बीबीसी टूवर आणि १९६९ मध्ये बाकीच्या वाहिन्यांवर रंग आला, तेव्हा कृष्णधवल टेप आणखीच निरुपयोगी ठरल्या. चित्रपटाच्या फिल्मवर जे होतं ते सांभाळायला ग्रंथालय होतं, टेपचं पालकत्व मात्र कुणाकडेच नव्हतं. जपून ठेवण्याचं स्पष्ट धोरण बीबीसीत १९७८ मध्ये आलं.

काय काय गेलं याचं एकच उदाहरण पुरे. बीटल्स ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या स्टुडिओत प्रत्यक्ष आले ते फक्त एकदा, १६ जून १९६६ ला. ती टेप पुसली गेली. २०१९ मध्ये छोटे मूक तुकडे तेवढे सापडले. कुणीतरी त्या दिवशी घरच्या टीव्हीसमोर आठ मिलिमीटरचा कॅमेरा धरला होता. जगातल्या सर्वांत लोकप्रिय बँडची ती हजेरी आपल्याकडे एवढीच उरली आहे.

आणि जे वाचलं ते माणसांमुळे. ‘जीन जिनी’च्या चित्रणाला जॉन हेन्शल नावाचा कॅमेरामन होता. त्यानं स्वतः तयार केलेली माशाच्या डोळ्यासारखं गोलाकार चित्र देणारी भिंग-जोडणी त्या गाण्यात वापरली होती. कामाचा नमुना म्हणून त्यानं टेपची एक प्रत मागून घेतली. मूळ टेप पुसली गेली. २०११ पर्यंत त्याला कल्पनाही नव्हती की आपल्याकडची प्रत जगातली एकमेव आहे. त्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा लोकांना दाखवली गेली. रॉन्सनच्या गिटारचा तो करकरीत, रेकॉर्डपेक्षा कितीतरी मोकळा आवाज ऐकला की हेन्शलचे आभार मानावेसे वाटतात.

अशीच एक चुटपुट लावणारी गोष्ट पिंक फ्लॉइडची. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्रीच्या बीबीसीच्या प्रक्षेपणात हा बँड स्टुडिओत बसून ऐन वेळी सुचेल ते वाजवत होता. चित्र गेलं, त्याचं ध्वनिमुद्रण मात्र आज ऐकायला मिळतं.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून हरवलेले आणि सापडलेले कार्यक्रम दाखवण्याचा उपक्रम करते. माळ्यावरच्या पेट्या, निवृत्त तंत्रज्ञांची कपाटं, परदेशी वाहिन्यांची गोदामं, कुठूनही काहीही निघतं.

‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’मध्ये टाळ्या का ऐकू येत नाहीत?

कारण प्रेक्षकच नव्हते. सप्टेंबर १९७१ मध्ये बीबीसी टूवर सुरू झालेल्या या कार्यक्रमाला सुरुवातीला निवेदकांच्या कामासाठी बांधलेला एक छोटासा स्टुडिओ मिळाला. बँड, कॅमेरे आणि निवेदक मावले की खोली भरली. पैसाही कमी. म्हणून सजावट नाही, मागे उघड्या भिंती. गाणं संपलं की शांतता, मग निवेदक बॉब हॅरिसचा कुजबुजल्यासारखा आवाज. हा कार्यक्रम सुटी गाणी विकण्यासाठी नव्हता, पूर्ण अल्बम ऐकणाऱ्यांसाठी होता.

मला हा कोरडेपणा फार आवडतो. संगीत नाटकाच्या प्रयोगाला प्रेक्षकांचा वन्समोअर असतो, गाणाऱ्याला त्यानं बळ मिळतं. इथे काहीच नाही. कलाकाराला सगळं आपल्या आतून काढावं लागतं. १९७३ मध्ये बॉब मार्ली आणि वेलर्स आले, तेव्हा पीटर टॉश आणि बनी वेलर अजून त्याच्याबरोबर होते. ब्रिटनमधल्या बहुतेक गोऱ्या श्रोत्यांना रेगे हे जमैकाचं संगीत नीट माहीत नव्हतं. ‘काँक्रीट जंगल’मध्ये ते तिघं ज्या संयमानं लय धरून ठेवतात, ते पाहत राहावं असं आहे.

नेदरलँड्सचा ‘फोकस’ डिसेंबर १९७२ मध्ये आला. थाइस व्हॅन लेअर ऑर्गन वाजवता वाजवता योडेलिंग करतो, बासरी वाजवतो, शिट्टी घालतो, आणि शेजारी यान अकरमन गिटारवर तुटून पडलेला. त्या एका हजेरीनंतर त्यांच्या रेकॉर्डना ब्रिटनमध्ये प्रचंड मागणी आली.

१९७३ च्या अखेरीस न्यूयॉर्क डॉल्स हा अमेरिकन बँड आला. त्यांचं गाणं संपताच हॅरिसनं हसून ‘मॉक रॉक’, म्हणजे रॉकची नक्कल, असा शेरा मारला. माझ्या मते हा त्याचा मोठा चुकलेला निवाडा. तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये पंक हे बंडखोर, ओबडधोबड रॉक आलं, त्याची पावलं त्याच स्टुडिओत उमटली होती.

जॅझ ऐकणाऱ्यांसाठी काही आहे का?

आहे, आणि अव्वल दर्जाचं. बीबीसी टूचा ‘जॅझ ६२५’, १९६४ ते १९६६. नाव तंत्रावरून पडलं: जुन्या वाहिन्यांचं चित्र ४०५ रेषांचं होतं, बीबीसी टूचं ६२५ रेषांचं, म्हणजे अधिक स्पष्ट. ड्यूक एलिंग्टन, थेलोनियस मंक, ऑस्कर पीटरसन, मॉडर्न जॅझ क्वार्टेट असे सगळे येऊन गेले. मार्च १९६५ मधलं बिल एव्हान्स, चक इझरेल्स आणि लॅरी बंकर या त्रयीचं वादन शोधा. एव्हान्स पियानोवर इतका झुकलेला असतो की चेहरा दिसतच नाही. दिग्दर्शकही तो दाखवण्याचा अट्टहास करत नाही, हातांवर थांबतो. आजच्या कार्यक्रमांत असं थांबणं क्वचितच दिसतं.

बीटल्सचं उपग्रहावरून झालेलं प्रक्षेपण पूर्ण थेट होतं का?

नाही. २५ जून १९६७ च्या ‘अवर वर्ल्ड’मध्ये अनेक देश उपग्रहांनी जोडले होते. पाहणाऱ्यांचा अंदाज ४० कोटींचा सांगितला जातो. ‘ऑल यू नीड इज लव्ह’चा पाया आधी ध्वनिमुद्रित होता. गायन, वाद्यवृंद, बास, ड्रम आणि जॉर्ज हॅरिसनचा गिटारवरचा छोटासा सोलो त्यावर थेट. एवढ्या लोकांसमोर जॉन लेनन च्युइंगगम चघळत गातो.

यात महाराष्ट्राशी किंवा भारताशी खरा संबंध असलेलं कुणी आहे का?

पाचगणीचं नाव घ्यावंच लागेल. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बुलसारा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. शाळेच्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. १९६४ मध्ये त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं आणि जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

‘क्वीन’ला ‘टॉप ऑफ द पॉप्स’ची पहिली संधी फेब्रुवारी १९७४ मध्ये अचानक मिळाली, कारण बोवीच्या नव्या गाण्याची फिल्म वेळेवर उपलब्ध झाली नाही. पण पाहायचं असेल तर २४ डिसेंबर १९७५ ची रात्र पाहा. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधून ‘व्हिसल टेस्ट’नं त्यांची अख्खी मैफल थेट दाखवली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं. मैफिलीत फ्रेडी पियानोवर बसला की त्याची मूळची बैठक कळते. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीत वेंब्लीवर सुमारे ७२ हजार लोकांना वीसेक मिनिटांत हातात घेणारा फ्रेडी सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्या दिवसाच्या प्रक्षेपणाचा भारही ‘व्हिसल टेस्ट’च्याच मंडळींनी उचलला होता.

क्लिफ रिचर्ड लखनौचा, जन्म १९४०. सप्टेंबर १९५८ मध्ये तो ‘ओह बॉय!’मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा जॅक गुडनं त्याला कल्ले काढायला आणि गिटार बाजूला ठेवायला लावली, म्हणजे तो एल्विसची प्रतिकृती वाटू नये. एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासचा. १९६७ च्या सुरुवातीला लंडन पॅलेडियमच्या रविवारच्या कार्यक्रमात आजारी गायकाच्या जागी उभा राहिला आणि त्याचं ‘रिलीज मी’ पहिल्या क्रमांकावर गेलं. बीटल्सच्या त्या वेळच्या नव्या रेकॉर्डला त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर थांबावं लागलं.

आणि १९८२ मध्ये ‘मॉन्सून’ हा बँड. दक्षिण भारतीय वंशाची शीला चंद्रा, सोळा-सतरा वर्षांची, सतार-तबल्याच्या साथीत ‘एव्हर सो लोनली’ गात ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर आली. ब्रिटनमधल्या आशियाई घरांत त्या दिवशी काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

पंकच्या काळात टीव्हीवर काय दिसलं?

ग्रॅनाडाच्या ‘सो इट गोज’मध्ये सप्टेंबर १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड पहिल्यांदा टीव्हीवर आला. निवेदक टोनी विल्सन. त्याच विल्सननं दोन वर्षांनी ग्रॅनाडाच्या स्थानिक बातम्यांमध्ये जॉय डिव्हिजन या बँडला आणलं. सप्टेंबर १९७९ मध्ये तरुणांनीच केलेल्या बीबीसी टूच्या ‘समथिंग एल्स’ या कार्यक्रमात त्यांनी ‘ट्रान्समिशन’ वाजवलं. गायक इयन कर्टिसचे ते झटके दिल्यासारखे हात, स्थिर डोळे. त्याला अपस्माराचा त्रास होता आणि पुढच्या मे महिन्यात, वयाच्या २३ व्या वर्षी त्यानं जीवन संपवलं, हे माहीत झाल्यावर तो तुकडा पाहणं जड जातं. तरी पाहा, पण त्याचं आजारपण शोधत पाहू नका. ड्रमर स्टीफन मॉरिस काय वाजवतो आहे ते ऐका.

इंटरनेटवरचा तुकडा अस्सल आहे हे कसं ठरवायचं?

पहिली गोष्ट, आवाज. अनेक जण चित्राचा दर्जा टिकवतात आणि मूळ खरखरीत ध्वनी काढून त्या जागी अल्बमवरचा स्वच्छ ध्वनी चिकटवतात. त्यानं तुकड्याचा जीवच जातो. ड्रमरचा हात आणि झांजेचा आवाज जुळत नसेल तर दुसरी प्रत शोधा. दुसरी गोष्ट, रंग. बीबीसी वनवरचा किंवा आयटीव्हीवरचा नोव्हेंबर १९६९ पूर्वीचा टीव्ही कार्यक्रम रंगीत दिसला, तर रंग मागाहून भरलेले असण्याची शक्यता मोठी. ‘अवर वर्ल्ड’चं बीटल्सचं रंगीत चित्र त्याचंच उदाहरण. संगणकानं चेहरे गुळगुळीत केलेल्या आवृत्त्या तर टाळाच. घाम आणि सुरकुत्या पुसल्या जातात, बोटं एकमेकांत मिसळतात.

बीबीसीच्या स्वतःच्या संगीत वाहिनीवर बरंच काही अधिकृतपणे ठेवलेलं आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना बीबीसी फोरवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे जुने भाग पाहायला मिळतात. २०११ मध्ये तिथे १९७६ पासूनचे भाग क्रमानं दाखवायला सुरुवात झाली.

सुटे तुकडे पाहण्यापेक्षा, जिथे मिळेल तिथे अख्खा भाग पाहा. स्टॅन्ली डॉर्फमननं बीबीसी टूसाठी केलेल्या ‘इन कॉन्सर्ट’ मालिकेतला नील यंगचा १९७१ चा अर्धा तास यासाठी उत्तम आहे. एक माणूस, एक गिटार, एक पियानो. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ची रेकॉर्ड तेव्हा बाजारात आलेलीच नव्हती. समोर बसलेले लोक ते गाणं पहिल्यांदाच ऐकत होते.